वाळूच्या गोळ्या करणारे खेकडे : एका कुलाचे वर्गीकरण

ओहोटीचे पाणी उतरू लागले की गोव्यातील नदीमुखांजवळच्या सपाट, ओलसर पुळणीवर थोड्याच वेळात एक नक्षी उमटू लागते. करंगळीही जाणार नाही एवढे एक भोक, त्याच्याभोवती किरणांप्रमाणे निघालेल्या चिंचोळ्या वाटा, आणि त्या वाटांच्या कडेने ज्वारीच्या दाण्यापासून मिऱ्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या असंख्य गोळ्या. पावलाची चाहूल लागताच ही नक्षी काढणारा प्राणी क्षणार्धात बिळात नाहीसा होतो. भरती आली की सारे काम धुऊन जाते आणि पुढच्या ओहोटीस तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हा प्राणी म्हणजे एक लहानसा खेकडा होय. त्याच्या कवचाची रुंदी बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास भरते. बाजारात त्याला किंमत नाही, रापणीत तो सापडत नाही आणि स्वयंपाकघरात त्याचा काही उपयोग नाही. कुर्ली म्हणा, चिंबोरी म्हणा, खाण्याच्या खेकड्यांना किनाऱ्यावरील लोकांनी जागोजागी नावे दिली. नर-मादीचा, भरलेल्या-पोकळ खेकड्याचा भेदही त्यांनी बारकाईने टिपला. जो प्राणी टोपलीत पडत नाही त्याच्या नावाची निकड मात्र कोणास भासली नाही. त्यामुळे या खेकड्याला मराठीत सर्वत्र रूढ असे नाव नाही. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्यास ‘गोळीकार खेकडा’ असे म्हटले आहे. प्राणिशास्त्रात त्याचे कुल ‘डोटिलिडी’ या नावाने ओळखले जाते.

एवढ्याशा प्राण्याच्या कुलाची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर सरकारी दप्तरातच सापडण्यासारखे आहे. किनाऱ्यावर एखादे काम हाती घ्यावयाचे झाल्यास तेथील प्राण्यांची यादी करण्यात येते. काही वर्षांनी पुन्हा पाहणी होते व दोन याद्या शेजारी ठेवून काय वाढले आणि काय घटले याचा निष्कर्ष काढला जातो. आता समजा, सन १९७५ च्या यादीत ‘ऑसिपोडिडी’ या कुलाखाली एका पुळणीवरील दहा जाती नोंदविल्या आहेत आणि आजच्या यादीत त्याच कुलाखाली पाचच आहेत. वाचणारा म्हणेल की निम्मे खेकडे नष्ट झाले. प्रत्यक्षात एकही जात नाहीशी झालेली नसेल. मधल्या काळात त्या कुलाची वाटणी झाली आणि पाच जाती दुसऱ्या कुलांच्या नावे लागल्या, एवढेच घडलेले असेल. याच्या उलटही होऊ शकते. जाती खरोखरच घटल्या असताना नावांच्या फेरफारात ती घट झाकली जाते. एकत्र कुटुंबाचे विभाजन झाल्यावर सातबाराच्या उताऱ्यावरील जुने नाव पाहून जमीन कोणाची हे ठरविणे जितके धोक्याचे, तितकेच हे धोक्याचे आहे.

विभाजनापूर्वीचे ते एकत्र कुटुंब पुष्कळ मोठे होते. पुळणीवर वाऱ्याच्या वेगाने तिरपे धावणारा, डोळे दांड्यांवर उभे केलेला मोठा खेकडा, म्हणजे ऑसिपोडी हा वंश, त्या घरातील कर्ता पुरुष. कुलाचे नाव त्याच्यावरूनच पडले. खाडीच्या चिखलावर एक अवाढव्य नांगी हलवून माद्यांचे लक्ष वेधणारा ‘सारंगीवाला’ खेकडा त्याच घरात होता. लांब डोळ्यांचा मॅक्रोफ्थॅल्मस आणि आपला गोळीकारही तेथेच. महाविद्यालयांतील जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि प्रयोगशाळांतील बरण्यांवरील चिठ्ठ्यांवर अजूनही हीच व्यवस्था दिसते. ती चुकीची होती असे म्हणण्यापेक्षा ती त्या काळच्या माहितीवर आधारलेली होती, असे म्हणणे योग्य ठरेल.

गोळीकार खेकड्याची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात एक शोधमंडळ धाडले. त्यात लिनीअसचा शिष्य पीटर फॉर्स्कोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मंडळातील बाकीचेही एकामागून एक दगावले. एकटा कार्स्टेन नीबुर वाचला. तो पुढे मुंबईस येऊन राहिला आणि अखेर स्वदेशी परतला. त्याने आपल्या मित्राची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत ‘कॅन्सर सल्केटस’ या नावाने एका लहान खेकड्याचे वर्णन आहे. त्या काळी जवळजवळ सर्वच खेकडे ‘कॅन्सर’ या एका वंशात घातले जात. ‘सल्केटस’ म्हणजे चरे असलेला. या खेकड्याच्या पाठीवर चरे असतात, ही खूण फॉर्स्कोलच्या नजरेतून सुटली नव्हती आणि आजही ओळख पटविताना तीच प्रथम पाहिली जाते.

पुढे हॉलंडमधील लायडन येथील संग्रहालयात काम करणाऱ्या द हान याने जपानमधून आलेल्या संग्रहाचा अभ्यास करताना १८३३ च्या सुमारास या गटातील दोन वंश वेगळे काढले. एकाला त्याने ‘स्कोपिमेरा’ व दुसऱ्याला ‘डोटो’ असे नाव दिले. डोटो ही ग्रीक पुराणातील एक समुद्रकन्या. नाव सुंदर होते, परंतु ते आधीच दुसऱ्याने घेतलेले निघाले. ओकेन नावाच्या जर्मन पंडिताने १८१५ मध्येच एका समुद्री गोगलगाईच्या वंशास ते दिले होते. प्राण्यांच्या दोन वंशांना एकच नाव असू नये आणि ज्याने आधी दिले त्याचे नाव ग्राह्य धरावे, असा प्राणिनामांचा दंडक आहे. तेव्हा अमेरिकेतील विल्यम स्टिम्पसन याने १८५८ मध्ये त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय जोडून ‘डोटिला’ केले. इलिओप्लॅक्स हा चिखलात राहणारा तिसरा वंशही त्यानेच त्याच वर्षी स्थापन केला. कुलाच्या नावापुढे आज जे ‘स्टिम्पसन, १८५८’ असे लिहितात ते यामुळेच.

स्टिम्पसनचे पुढे जे झाले ते वर्गीकरणाच्या अभ्यासकांना अद्याप चुटपुट लावणारे आहे. उत्तर पॅसिफिक महासागराच्या सफरीत त्याने जमविलेले नमुने तो संचालक असलेल्या शिकागो येथील संस्थेत ठेवण्यात आले होते. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो शहरास लागलेल्या प्रचंड आगीत ते जळून खाक झाले. पुढच्याच वर्षी त्याचाही अंत झाला. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन केले जाते तो नमुना म्हणजे त्या जातीचा मूळ दस्तऐवज. दस्तऐवज हरवल्यास पुढे वाद निर्माण झाला तरी मूळ पाहून निवाडा करता येत नाही. शाळेच्या कपाटातील एखादी धुळकट बरणी फेकून देण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

भारतीय किनाऱ्यावरील या खेकड्यांची पद्धतशीर नोंद कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये झाली. त्या संग्रहालयाचे अधीक्षक आल्फ्रेड ॲलकॉक हे मूळचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी १९०० मध्ये भारतातील खेकड्यांविषयीच्या आपल्या लेखमालेत गोळीकार व त्याच्या भावंडांना ऑसिपोडिडी कुलातच, पण ‘स्कोपिमेरिनी’ या स्वतंत्र उपकुलात ठेवले. म्हणजे घर एकच, पण चूल वेगळी. त्यानंतर भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेत काम करणाऱ्या स्टॅन्ली केंप यांनी १९१५ मध्ये ओरिसातील चिल्का सरोवरातून डोटिलाची एक नवी जात वर्णिली आणि १९१९ मध्ये या संपूर्ण उपकुलावर स्वतंत्र निबंध लिहिला. शंभर वर्षे होऊन गेली तरी आपल्याकडील गोळीकार खेकड्यांची ओळख पटवावयाची झाल्यास त्या निबंधाचा आधार घ्यावा लागतो. केंप पुढे दक्षिण महासागराच्या संशोधनमोहिमेचे प्रमुख झाले. परंतु त्यांचे हे काम कोणत्याही मोठ्या जहाजावरील कामाहून कमी मोलाचे ठरलेले नाही.

ॲलकॉक व केंप यांनी वेगळेपणाच्या ज्या खुणा मानल्या त्या साध्या भिंगानेही दिसण्याजोग्या आहेत. धावऱ्या खेकड्याची एक नांगी मोठी व एक लहान असते. सारंगीवाल्या नराच्या बाबतीत तर हा फरक टोकास जातो. गोळीकाराच्या दोन्ही नांग्या जवळजवळ सारख्या असतात. त्याचे तोंड झाकणारे जबड्याचे पाय फुगीर व अतिशय मोठे असून समोरून पाहिल्यास चेहऱ्याचा बराच भाग त्यांनीच व्यापलेला दिसतो. आणि सर्वांत महत्त्वाची खूण पायांवर आहे. चालण्याच्या पायांचा जो लांब, रुंद सांधा, ज्यास मांडी म्हणता येईल, त्यावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. जणू पायाला काच बसविली आहे.

फुगीर जबड्यांचा संबंध गोळ्यांशी आहे. खेकडा नांगीने ओली वाळू उचलून तोंडात घालतो. तेथे ती पाण्याने घुसळली जाते. वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म शैवाल, जिवाणू आणि सडका पालापाचोळा हलका असल्याने वर येतो आणि बारीक, चमच्याच्या आकाराच्या केसांनी तो अलगद गोळा केला जातो. जड वाळू खाली राहते, तोंडापुढे तिची गोळी बनते आणि ती बाजूला टाकून दिली जाते. सुपात धान्य पाखडण्याचीच ही क्रिया, फक्त वाऱ्याऐवजी पाण्याने केलेली. तेव्हा या गोळ्या विष्ठा नव्हेत. तो पाखडलेला कोंडा आहे. एकदा चाळलेली वाळू पुन्हा तोंडात जाऊ नये, हीही सोय त्यातून साधते.

मात्र गोळ्या दिसल्या की गोळीकार असलाच पाहिजे, असे समजू नये. सारंगीवाले खेकडेही चिखल चाळून गोळ्या टाकतात आणि धावऱ्या खेकड्याची पिल्लेही तसे करतात. कामावरून जात ठरविण्याची सवय माणसाला आहे, पण प्राण्यांच्या वर्गीकरणात ती फसवते. शरीराची रचना पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

पायांवरील काचेचा इतिहास तर मोठा उद्बोधक आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका डोटिलाला हिल्गेनडॉर्फ याने १८६९ मध्ये ‘फेनेस्ट्राटा’, म्हणजे ‘खिडक्यांचा’, असे नाव दिले. या खिडक्या कशासाठी असाव्यात? कानाच्या पडद्याशी साम्य दिसल्याने त्या ऐकण्याची इंद्रिये असाव्यात, असा तर्क झाला आणि त्यांना कर्णपटल हेच नाव पडले. इलिओप्लॅक्सला काही काळ जे दुसरे नाव चालत होते, ‘टिंपॅनोमेरस’, त्याचाही अर्थ मांडीवर पडदा असलेला असाच होतो. तर्क पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिला. १९८६ मध्ये मेटलंड या संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात स्कोपिमेरा व डोटिला यांच्यावरील आपले काम प्रसिद्ध केले आणि हे पडदे कान नसून श्वसनाची साधने आहेत, हवेतील प्राणवायू त्यांतून थेट रक्तात शिरतो, असे दाखवून दिले. म्हणजे हा खेकडा पाण्याबाहेर असताना पायांनी श्वास घेतो. वर्गीकरणासाठी ही खूण पाऊणशे वर्षांहून अधिक काळ बिनचूक वापरली गेली. ती कशासाठी आहे याचा उलगडा नंतर झाला. खूण खरी असण्यासाठी तिचा अर्थ कळलेला असावा लागतो असे नाही. मात्र अर्थ कळल्यावर तिची किंमत वाढते. पायांच्या पडद्यांवर जो श्वास घेतो त्याच्या पुळणीवर तेलाचा तवंग किंवा डांबराचे गोळे येऊन पडले, जसे पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर वारंवार येऊन पडतात, तर त्याकडे केवळ पर्यटकांच्या पायांना लागणारी घाण म्हणून पाहणे पुरेसे नाही.

कुलाच्या आत वंश ओळखण्यासही या खिडक्याच उपयोगी पडतात. स्कोपिमेरामध्ये त्या फक्त पायांवर असतात. त्याचे शरीर गोलसर असते व पाठीवर ठळक चरे नसतात. डोटिलामध्ये पायांबरोबरच छातीच्या पट्टांवरही खिडक्या असतात, पाठ चऱ्यांनी कोरलेली असते आणि पोटाखाली दुमडलेल्या शेपटीच्या चौथ्या खंडाच्या कडेला केसांचा दाट झुपका असतो. हा झुपका दिसला की शंका उरत नाही. इलिओप्लॅक्सचे कवच लांबीपेक्षा रुंद असून तो पुळणीपेक्षा खाडीकाठच्या चिखलात रमतो. याच वंशात वीसहून अधिक जाती आहेत. बाकी वंश लहान आहेत आणि कित्येकांत तर एक-दोनच जाती आहेत. सगळे मिळून कुलात आठ-दहा वंश धरले जातात. हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागराचा पश्चिम भाग एवढ्याच पट्ट्यात हे कुल पसरलेले आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यावर गोळ्यांची नक्षी दिसली तर ती दुसऱ्या कोणाची.

भारतीय किनाऱ्यावरील डोटिलांपैकी ‘मिक्टिरॉइडीस’ ही जात विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचा अर्थ मिक्टिरिससारखी असा आहे. मिक्टिरिस म्हणजे आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील शिपाई खेकडा, जो हजारोंच्या जथ्यांनी पुळणीवर संचलन करतो. हे साम्य वरवरचे ठरले व शिपाई खेकड्यांचे कुल आज वेगळे मानले जाते. पण नाव एकदा दिले की ते साम्य खोटे ठरले म्हणून बदलत नाही. नाव ही ओळखीची चिठ्ठी आहे, ते वर्णन असलेच पाहिजे असे नाही.

उपकुलाचे कुल कसे झाले, हे आता थोडक्यात पाहावयाचे. फ्रान्सच्या दानिएल गिनो यांनी १९७७ मध्ये जननछिद्रांच्या जागेवरून खेकड्यांची नवी मांडणी केली. ज्या खेकड्यांत नर व मादी या दोघांचीही छिद्रे छातीच्या पट्टांवर उघडतात त्यांचा एक गट त्यांनी केला. आपले सर्व पुळणीवरचे खेकडे त्या गटात येतात. त्या गटाच्या आत मात्र कोण कोणाचा जवळचा, हा प्रश्न राहिला. आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याचे तंत्र हाती आल्यावर तो पुन्हा तपासण्यात आला. किताउरा, वाडा व निशिदा या जपानी संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामावरून असे दिसले की, जुने ऑसिपोडिडी कुल एका पूर्वजापासून निघालेल्या वंशजांचे नव्हतेच. लांब डोळ्यांचा मॅक्रोफ्थॅल्मस धावऱ्या खेकड्यापेक्षा निराळ्याच खेकड्यांना जवळचा निघाला. एका पुळणीवर राहिले, एकसारखे बिळे खणू लागले, म्हणून ते सख्खे ठरत नाहीत. २००८ मध्ये पीटर एन्ग, गिनो आणि डेव्ही यांनी जगातील सर्व खेकड्यांची जी सूची प्रसिद्ध केली तीत डोटिलिडी हे स्वतंत्र कुल म्हणून नोंदविले आहे. ॲलकॉक यांच्या ‘स्कोपिमेरिनी’ या नावाऐवजी हे नाव घेतले गेले ते पुन्हा त्याच दंडकाने. १८५८ हे १९०० च्या आधी येते.

धावऱ्यांचे व सारंगीवाल्यांचे घर अद्याप एक आहे, पण त्यातही उलथापालथ झाली. २०१६ मध्ये सारंगीवाल्यांचा ‘ऊका’ हा एकच मोठा वंश मोडून अकरा वंश करण्यात आले आणि आपल्या खाड्यांतील ‘ऊका ॲन्युलिपीस’ हा ‘ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस’ झाला. प्राणी तोच, चिखल तोच. ही नावे किती दिवस टिकतील असे शिक्षक वैतागून विचारतात, आणि त्यांच्या वैतागात तथ्य आहे. विद्यार्थ्याने परीक्षेत कोणते नाव लिहावे हा त्यांच्यापुढील व्यवहाराचा प्रश्न आहे. यावर मार्ग एकच दिसतो. जातीचे दुसरे नाव, जसे ॲन्युलिपीस, बहुधा कायम राहते. ते पक्के करून घ्यावे आणि वंश व कुल यांची जुनी व नवी अशी दोन्ही नावे वर्गात सांगावीत.

किनाऱ्यावरील पाहणीच्या नोंदींनाही हेच लागू आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत केवळ ‘लहान खेकडे, पुष्कळ’ असे लिहिल्याने दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला काहीच कळणार नाही. केवळ ‘ऑसिपोडिडी’ लिहिल्यास तो जुन्या अर्थाने की नव्या, हेही कळणार नाही. खेकडा कोणत्या वंशाचा हे भिंगाने पाहून लिहावे. कुलाचे नाव कोणत्या सूचीप्रमाणे घातले आहे तेही लिहावे. पुळणीचा कोणता भाग, भरतीच्या रेषेपासून किती खाली, तिथी कोणती, ओहोटी लागून किती वेळ झाला होता, हे टिपावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते तेव्हा मोकळी झालेली पुळण आणि अष्टमीच्या भांगाची अरुंद पट्टी यांवरील बिळांची संख्या शेजारी मांडणे व्यर्थ आहे. बिळे मोजण्यासाठी एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी सुतळीची चौकट पुरते. हे काम शाळेतील मुले उत्तम करू शकतात. मुलांनी माघारी फिरून वाकून स्थिर बसावयाचे एवढीच अट. पाच-दहा मिनिटांत बिळांच्या तोंडाशी डोळे दिसू लागतात आणि काम पुन्हा सुरू होते.

पकडलेला खेकडा पाहून झाल्यावर तेथेच सोडावा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या किनारपक्ष्यांचे तो भक्ष्य आहे. एखादा आपोआप मेलेला सापडल्यास तो स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा आणि आत कागदाचा तुकडा टाकावा, ज्यावर पेन्सिलीने जागा, तारीख व वेळ लिहिलेली असेल. शाईचे अक्षर स्पिरिटमध्ये विरघळून जाते.